मासे नसलेलं पाणी

लग्न होऊन मी उमरग्याला आले तेव्हा समुद्राची आठवण येणार हे मला ठाऊकच होतं. माझं माहेर देवगडच्या बाजूला, समुद्रालगतच्या एका लहान वाडीत. घरामागची पायवाट उतरली की काळ्या कातळाचं खडप लागायचं आणि त्यापुढं पाणी. पण नेमकी कशाची आठवण येईल, याचा माझा अंदाज चुकला. लाटांची आली नाही. वाऱ्याचीही फारशी नाही, वारा उमरग्यालाही भरपूर आहे. आठवण यायची ती डबक्यांची. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सुकती झाली की खडपाच्या खळग्यांत पाणी साचून राहायचं. त्या ओंजळभर पाण्यात हिरव्या केसांसारखं शेवाळ असायचं, तांदळाच्या कणीएवढे उड्या मारणारे जीव असायचे, शंखात शिरून तोच घर म्हणून ओढत नेणारे खेकडे असायचे. बाबा खडपाला चिकटलेली कालवं काढत बसायचे आणि मी शेजारच्या डबक्यापाशी पालथी पडून आत बघत राहायची. माशांचं मला कधी विशेष वाटलं नाही. मासे घरात रोज यायचे. डबक्यातलं मात्र कुणी घरी आणत नसे. ते बघायला तिथंच जावं लागायचं.

उमरग्यात आमचं हायवेलगत औषधांचं दुकान आहे. ते नवरा बघतो. मी गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या काचा आणि मायक्रोस्कोप. सासूबाईंचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी. सुरुवातीच्या दिवसांत मी गप्प गप्प असायची. ते बघून त्या एकदा म्हणाल्या, "तुला लई लांब दिलं बघ. माझं माहेर बसनं तासाभरावर, तरी मन तिकडंच असायचं. तुझं तर कसं होत असंल." त्या दिवसापासून मला त्या जवळच्या वाटू लागल्या.

काही वर्षांपूर्वी दुकानाशेजारचा दातांचा दवाखाना दुसरीकडे गेला आणि तिथली काचेची मोठी टाकी नवऱ्यानं घरी आणली. गोल्डफिश सोडू म्हणाला. मी म्हटलं, "खारं पाणी करू या."

"उमरग्यात?"

"त्याला मीठ मिळतं पाकिटात. शुद्ध पाण्यात कालवायचं."

तो बरं म्हणाला. शेजारच्या काकूंना मात्र ते पटलं नाही. "प्यायला पाणी आठवड्यानं येतंय, अन् ह्यांनी त्यात मीठ कालवलंय," असं त्या गल्लीत सगळ्यांना सांगत होत्या. त्यांचं चुकत नव्हतं. म्हणून मी नळाच्या पाण्याला हात लावला नाही. गच्चीवर पावसाचं पाणी साठवलं, तेच गाळून वापरलं. सासूबाई टाकीला 'उप्पु नीरु' म्हणायच्या. कानडीत खारं पाणी. घरात मग तेच नाव पडलं.

आम्ही नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश आणले. नवरा खूष झाला. दुकान बंद करून आला की खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचा. मला मात्र ती टाकी उघडीबोडकी वाटायची. दगड, पाणी आणि दोन मासे. मी नवऱ्याला समजावलं की माशांच्या घाणीनं पाणी खराब होतं, ती घाण शेवाळ शोषून घेतं, आणि उरलेलं अन्न बारके जीव खातात, तेव्हा हे दोन्ही आणायला हवं. यातलं सगळं खरं होतं. फक्त मला ते हवं होतं त्याचं कारण दुसरं होतं, आणि ते मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

एका मोठ्या शहरातल्या दुकानानं पार्सल पाठवलं. पिशवीत हिरव्या नायलॉनच्या गुंत्यासारखं शेवाळ होतं, मूठभर बारके शंख होते. मी ते टाकीत सोडलं आणि दोन दिवस लॅबमध्ये मन लागलं नाही. घरी पळत यायची. तिसऱ्या आठवड्यात माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. मासे दगडाला अंग घासू लागले, मग खायचे थांबले. आधी मोठा गेला आणि दोन दिवसांनी लहान.

लहान मासा मेल्याबरोबर त्याच्या कल्ल्यावरचं थोडं खरवडून मी काचेवर घेतलं आणि लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली ठेवलं. एक गोल, करडा जीव सावकाश स्वतःभोवती फिरत होता. दुसरा त्याच्या पलीकडं. रोज मी लोकांचे आजार काचेवर बघते, पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच घरातला आजार काचेवर होता.

मग मी वाचायला बसले. हा परजीवी माशाच्या अंगावर वाढतो, मोठा झाला की गळून पडतो, आणि शेवाळावर, दगडावर, शंखावर चिकटून स्वतःभोवती कवच करतो. शेवाळाला किंवा शंखाला त्याचा आजार होत नाही, ते त्याला फक्त वाहून नेतात. कवच फुटलं की शेकडो पिल्लं मासा शोधत सुटतात, आणि मासा मिळाला नाही तर मरतात. म्हणजे माझं शेवाळ दिसायला निरोगी होतं, पण ते माशांच्या टाकीतून आलेलं होतं. ज्या पाण्यात अडीच-तीन महिने एकही मासा नाही, तिथलंच शेवाळ आणि तिथलेच जीव निर्धास्तपणे आणता येतात.

मी दुकानांना फोन करू लागले. "तुमच्याकडं शेवाळ ज्या टाकीत आहे, तिथं मासे आहेत का?"

"मॅडम, माशांचं दुकान हाये, मासे असणारच की," एक जण म्हणाला. दुसऱ्याला वाटलं मला मासेच हवेत. तो दर सांगू लागला. तिसऱ्यानं तर फोन ठेवण्याआधी शेजारच्याला हसून सांगितलेलं मला ऐकू आलं.

बाबांना हे फोनवर सांगितलं. आई गेल्यापासून ते वाडीतल्या घरात एकटेच राहत होते. ते म्हणाले, "इकत कित्याक घेतंस? हंय खडपार कितक्या शेवाळ आसा. ये आणि घेवन जा."

"तसं नाही चालत, बाबा. समुद्रात मासे आहेत ना. त्यांचा रोग शेवाळाबरोबर येऊ शकतो."

मग ते म्हणाले, "म्हणजे आमचो दर्यो रोगी झालो?"

मी खूप समजावलं. त्यांनी हूं हूं केलं. पण त्यांना लागलं होतं, ते मला कळलं. म्हणून त्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा मी सुकतीला खडपावर उतरले आणि त्यांच्या देखत स्टीलच्या डब्यात शेवाळ भरलं. मासे नसलेल्या बादलीत अडीच महिने वेगळं ठेवीन, असं ठरवलं होतं. ते खाली वाकून निवडून देत होते. "ह्यां घे. ह्यां बरां आसा." पण मे महिना, कोल्हापूरला बस बदलायची, सोलापूरला पुन्हा बदलायची. सोलापूरच्या स्टँडवर डबा उघडला तर आतलं सगळं वितळून काळपट पाणी झालं होतं आणि घाण वास सुटला होता. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. तो सुकतीच्या चिखलाचा, उन्हात तापलेल्या खडपाचा वास होता. मी डबा तसाच बंद केला आणि घरी आणला. धुवायला घ्यायला मला दुसरा दिवस उजाडला.

बाबांना मी सांगितलं की शेवाळ छान आहे.

त्यानंतर, मासे पाळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी मला एक नंबर दिला. नंबर आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचा निघाला. मी फोन लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"मासे न्हाईत," पलीकडून वयस्कर आवाज आला. "पाच वर्षं झाली. एक बी न्हाय."

"मग टाकी कशासाठी ठेवलीय?"

"या की एकदा. बघा अन् घेऊन जावा."

एका रविवारी मी निघाले. उमरगा जिल्ह्याच्या एका टोकाला, वाशी दुसऱ्या. तुळजापूर गेलं, धाराशिव गेलं, येरमाळ्याचा घाट उतरला. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली रानं होती. थर्मोकोलचा रिकामा डबा मांडीवर धरून मी बसले होते.

ते गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, पांढरा पायजमा. मी त्यांना काका म्हणू लागले. जिना चढून वरच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि त्यांनी मला तिथंच थांबवलं.

"ताई, तुमच्या टाकीत रोग हाय म्हणालात न्हवं? तिथली जाळी, नळी, काय आणलंय का संगं?"

"नाही, फक्त डबा. नवा आहे."

"हात धुवा. अन् कोरडे होऊ द्या पुरते."

मी हात धुतले आणि लहान मुलीसारखी ते वाळेपर्यंत दारात उभी राहिले. मग त्यांनी आत घेतलं.

खोलीत मोठी काचेची टाकी होती आणि खिडकीखाली दोन प्लास्टिकचे पसरट टब. पंपाचा बारीक आवाज येत होता. दिव्याखाली हिरवं शेवाळ गुंत्यागुंत्यानं फिरत होतं, कोपऱ्यात लाल फांद्यांचं वेगळं. मी वाकले. काचेवर तांदळाच्या कणीएवढे जीव उड्या मारत होते. दगडाच्या फटीतून केसासारखे पाच पाय बाहेर आले, हलले आणि परत आत गेले. तो बोटाच्या नखाएवढा तारामासा होता. मी किती वेळ तशी वाकून होते कोण जाणे. मागून काका म्हणाले, "खुर्ची देऊ का?"

मी नको म्हटलं. डोळे पुसायचे होते, म्हणून लगेच वळले नाही.

चहा घेताना त्यांनी सांगितलं. टाकी मुलानं मांडलेली. तो परदेशात नोकरीला गेला तेव्हा ती आईच्या गळ्यात पडली. "तिनं कधी मासा शिजवला न्हाय, खाल्ला न्हाय. पण ह्या माशांना हातातनं खायला शिकवलं तिनं. सकाळी आधी ह्यांना, मग मला चहा." पत्नी गेल्यावर महिन्याभरात माशांच्या अंगावर ठिपके आले. मुलानं तिकडून फोनवर औषधं सांगितली. काकांनी सगळं केलं. एकही वाचला नाही.

"पोरगा म्हणला, टाकी इकून टाका. म्या पंप बंद करायला गेलो. आवाज थांबला अन् घर असं वाटलं की..." त्यांनी कप खाली ठेवला. "परत चालू केला. मासे आणायचं काय मन झालं न्हाय. पण पाणी चालूच ठेवलं. मग आत हे आपोआप वाढत गेलं. लोक मागायला लागले, कारण इथं रोग न्हाय. रोग राहणार कशावर?"

शेवाळ त्यांनी स्वतः बांधून दिलं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, पिशवीत थोडं पाणी आणि भरपूर हवा. जीव वेगळ्या बाटलीत, अर्धी रिकामी. गाठ मारताना म्हणाले, "आयुष्यभर लोकांची पार्सलं हाताळली. हे एक बी फुटलं न्हाय अजून."

निघताना त्यांनी विचारलं, माझं माहेर कुठलं. मी सांगितलं. ते जिन्यात थांबले.

"म्हंजे समुद्र दारात?"

"दारात नाही, पण जवळ. तुम्ही गेला नाहीत कधी?"

"न्हाय. तिकडं जायचं कारणच पडलं न्हाय. नोकरी सगळी ह्याच भागात. आता मला सांगा ताई, ते पाणी खरंच मागं जातं? रोज?"

"रोज दोनदा."

"अन् ह्ये सगळं तिथं उघड्यावर पडतं?"

मी त्यांना सुकतीचं सांगितलं. डबकी कशी राहतात, त्यात काय अडकतं, भरती आली की सगळं कसं पुन्हा एक होतं. इतकी वर्षं रोज मिठाचं पाणी बनवणारा माणूस डोळे बारीक करून ऐकत होता. माझी बस चुकली, पुढची धरली.

माझ्या टाकीत मासे नव्हतेच, पण अडीच महिने पुरे व्हायला अजून थोडे दिवस होते. त्या मुदतीनंतर वाशीचं शेवाळ आत सोडलं, जीव सोडले. तोवर ते दोन्ही स्वयंपाकघरातल्या एका वेगळ्या बरणीत होते, आणि सासूबाई भाजी निवडता निवडता त्यांच्याकडं बघत बसायच्या. टाकीत गेल्यावर शेवाळ वाढलं. उड्या मारणारे जीव इतके झाले की काचेला नाक लावलं की हलताना दिसायचे. नवरा म्हणाला, "आता मासे आणू." मी म्हटलं, आणू. पुढच्या महिन्यातही मी आणू म्हटलं. एके दिवशी त्यानं विचारणं सोडलं आणि खुर्ची माझ्या शेजारी ओढून घेतली. "आता हे बघायला शिकव मला," म्हणाला.

त्याच सुमारास बाबा पडले. पायवाटेवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या माझ्या भावानं त्यांना आपल्याकडं नेलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. वाडीतल्या घराला कुलूप लागलं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्यांना समोरची इमारत आणि तिची गॅलरी दिसायची. भाऊ आणि वहिनी मनापासून करत होते. तरी फोनवर ते रोज तिथीवरून भरती-ओहोटीचा हिशेब करून सांगायचे, "आज सुकती दोपारची."

मी भेटायला जाताना एक मोठी काचेची बरणी नेली. तळाशी वाळू, दोन दगड, वाशीच्या शेवाळाचा एक गुंता, बारके शंख आणि काकांनी मुद्दाम निवडून दिलेला तो नखाएवढा तारामासा. आत खरे मासे नाहीत, त्यामुळं फार काही लागत नाही. उजेड, आणि आठवड्यातून थोडं पाणी बदलायचं. बाबांनी चष्मा लावला आणि बरणी जवळ ओढली. त्यांनी इतका वेळ बघितलं की वहिनीनं जेवायला दोनदा बोलावलं.

"खंयचां ह्यां?"

"वाशीचं."

"वाशी म्हणजे मुंबयची?"

"नाही. आमच्या जिल्ह्यातलं. समुद्र तिथून फार लांब आहे."

त्यांनी बरणी खिडकीपाशी ठेवायला सांगितली, आणि मग जराशानं म्हणाले, "त्या माणसाचो नंबर दी."

असे ते दोघं फोनवर बोलू लागले. एक मालवणी, एक मराठवाडी. एकमेकांचं निम्मं कळत नसावं. काका मला सांगायचे, "तुमच्या वडलांनी आज कालवं कशी काढत्यात ते सांगितलं. लई बारकाईनं." बाबा सांगायचे, "तो गृहस्थ शेवाळाक औषध घालीत नाय, हां. तसोच वाढयता." दिवाळीनंतर दोघांनी मिळून वाडीला जायचं ठरलं. बाबांचा पाय पुरता सावरला नव्हता, राहिलं. उन्हाळ्यात ठरलं, तेव्हा काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ते वाडीला गेले की त्यांचे टब मी सांभाळीन म्हटलं होतं, त्याचीही वेळ आली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आणि नवरा घराची कौलं बघायला वाडीला गेलो. सुकतीच्या वेळेला मी खडपावर उतरले आणि दोघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला. नेट कमी होतं. चित्र तुटत राहिलं आणि शेवटी दोघांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसते काळे चौकोन उरले. आवाज मात्र जात होता.

"उजवीकडच्या खडपार कोण आसा?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा."

"जाळा नाय लावलेला?"

"नाही."

काका म्हणाले, "ताई, पाण्यात हात घाला."

मी जवळच्या डबक्यात हात घातला. सकाळपासून त्यावर ऊन होतं. एक बारका शंख बोटाजवळून सरकत गेला.

"थंड हाय का?"

"नाही काका. कोमट आहे."

"कोमट," ते म्हणाले. "मला वाटलं थंड असंल."

मग मी फोन पाण्याच्या जवळ धरून बसले. फोन दोघांनीही ठेवला नाही.